एकशे एकतीस जास्त

संशोधन संस्थेत त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘उणे ऐंशी’. तळमजल्यावरच्या ज्या शीतपेटीत प्रथिनांच्या नळ्या ठेवतात तिचं तापमान शून्याखाली ऐंशी अंश असतं, आणि बाईंचंही तेवढंच असतं, असं वरच्या दोन मजल्यांचं मत आहे. बाईंना हे नाव ठाऊक आहे. त्यांची तक्रार नाही. “शीतपेटी वर्षातून दोनदा बिघडते,” त्या म्हणतात. “मी बिघडत नाही.”

वय त्रेपन्न. तंत्रज्ञ म्हणून नोकरीला सत्तावीस वर्षं. नवरा मालाचा ट्रक चालवतो आणि आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर असतो. घरात दुसरं माणूस म्हणजे थोरली नणंद, वन्सं. त्या शिवणकाम करायच्या. आता बोटं सुजलेली असतात म्हणून फक्त काजं-बटणं करतात, तीही बाईंनी सुयांत दोरे ओवून ठेवले तर. घरापासून संस्था चालत वीस मिनिटं. तळमजल्यावरच्या खोलीला एकच खिडकी, तीही छताजवळ. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. कोण उशिरा आलं हे बाईंना चपलांवरून कळतं.

बाई केमोकाइन बनवतात. हा शब्द घरी-दारी कुणाला सांगून उपयोग नसतो, म्हणून त्या ‘हाका मारणारी प्रथिनं’ म्हणतात. शरीरात कुठे काटा रुतला, जंतू शिरला, की तिथल्या पेशी ही छोटी प्रथिनं सोडतात. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला साखरेच्या साखळ्यांची बारीक लव असते. तिला ती चिकटून बसतात, नाहीतर रक्ताच्या ओघात वाहून गेली असती. रक्तातून गडगडत चाललेल्या पांढऱ्या पेशीला ती लागली की पेशी थांबते, भिंत धरते, फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि जिकडे हाक मोठी तिकडे सरकत जाते. संकट नसतानाही ही प्रथिनं रिकामी नसतात. कोणत्या पेशीनं हाडाच्या मगजात मुक्काम करायचा, कोणत्या पेशीनं काखेतल्या गाठीत जायचं, पोटातल्या गर्भात कुणी कुठून कुठे सरकायचं, हे बरंचसं तीच ठरवतात. आणि कधीकधी ती उगाचच हाका मारत राहतात. शत्रू नाही, काटा नाही, तरी पांढऱ्या पेशी सांध्यात गोळा होतात आणि सांधाच खातात. वन्संच्या बोटांत ते झालं आहे.

रेणूची घडण बाईंना तोंडपाठ आहे. सत्तर-ऐंशी मण्यांची माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं. त्यांत चार मणी गंधकवाले, त्यांना सिस्टीन म्हणतात. पहिला तिसऱ्याशी जुळतो, दुसरा चौथ्याशी, आणि या दोन टाक्यांवर सगळी घडी उभी राहते. पहिल्या दोन सिस्टीनच्या मध्ये एकही मणी नसेल तर ते एक घराणं, एक मणी असेल तर दुसरं. तीन मणी असलेलं एकटंच आहे, आणि दोनच सिस्टीनवर भागवणारं एक छोटं घराणंही आहे. घडी मात्र जवळपास सगळ्यांची सारखी: मध्ये शेजारीशेजारी टेकलेल्या तीन पट्ट्या, मागच्या टोकाला मळसूत्रासारखं वेटोळं, आणि पुढच्या टोकाला काही मण्यांचं मोकळं शेपूट. दिसायला ते बिनकामाचं लोंबणं वाटतं. प्रत्यक्षात सगळी कामगिरी त्याचीच. पांढऱ्या पेशीच्या अंगावर ग्राही नावाचं दुसरं प्रथिन असतं. पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर केलेलं. केमोकाइनचा गाभा त्याला धरतो आणि हे पुढचं टोक त्याच्या पोटात शिरून ढोसतं. ढोसलं की पेशी चालू लागते.

पुढच्या टोकाला एक मणी कमी-जास्त झाला तरी हाक बिघडते. बाईंचं वैर त्या एका मण्यापासून सुरू होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर. हुशार, बोलायला गोड. आपली चूक दुसऱ्याच्या नावावर इतक्या सहज टाकायचे की ज्याच्यावर टाकली त्यालाही क्षणभर खरी वाटावी. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेला आपलं केमोकाइन पाठवायचं कबूल केलं होतं. हे प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेतात, आणि जिवाणू प्रत्येक माळेची सुरुवात मेथिओनिन नावाच्या मण्यानं करतात. तो पहिला मणी नंतर एका विकराकडून कापून घ्यावा लागतो. कापणीला दोन दिवस जातात. सरांना मंगळवारी नळ्या पाठवायच्या होत्या आणि तो सोमवार होता.

“कापणी राहू द्या,” सर म्हणाले.

“सर, पुढे मेथिओनिन राहील.”

“बाई, सत्तरांत एक मणी. लग्नात एक पाहुणा जास्त आला म्हणून कुणी मांडव मोडतं का?”

बाईंनी प्रथिन वस्तुमान यंत्रात घातलं. वजन हवं त्यापेक्षा एकशे एकतीसनं जास्त आलं, म्हणजे बरोबर एका मेथिओनिनचं. त्यांनी कच्च्या वहीत लिहिलं: ‘१३१ जास्त. पुढचा मणी तसाच. सरांना सांगितलं.’ एक नळी रिवाजाप्रमाणे मागे ठेवून बाकीच्या पाठवल्या.

इथे त्या प्रयोगशाळेची एक पद्धत सांगायला हवी. तंत्रज्ञ कच्च्या वहीत लिहितात. त्यातलं काय पक्क्या वहीत उतरवायचं ते सर ठरवतात, आणि पक्क्या वहीवर सरांचीच सही असते. वर्ष संपलं की कच्च्या वह्या कागद कातरणाऱ्या यंत्रात जातात. पक्क्या वहीत त्या दिवशी फक्त एवढंच होतं: ‘नळ्या रवाना.’

दुसऱ्या शहरात पेशी हलल्याच नाहीत. तिथल्या लोकांनी चार महिने वाया घालवले आणि मग खरमरीत पत्र लिहिलं. संस्थेनं चौकशी समिती नेमली. तिघेही सभासद कार्यालयातले. सरांनी सांगितलं की नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या असाव्यात, वेगळंच प्रथिन गेलं असावं, तंत्रज्ञाचं लक्ष नव्हतं. बाईंनी कच्च्या वहीचं सांगितलं. ती तोवर कातरून झाली होती, आणि यंत्रात पानं बाईंनीच घातली होती. “नळी माझ्याकडे आहे, वजन करा,” त्या म्हणाल्या. वजन करायच्या यंत्रावर सरांच्या सहीशिवाय काम होत नसे. सर म्हणाले, यंत्र भांडणं मिटवायला घेतलेलं नाही.

सेवापुस्तकात शेरा आला: निष्काळजीपणा. शिवाय माफीपत्र. बाईंनी लिहिलं होतं, ‘झालेल्या गोंधळाबद्दल मला खेद आहे.’ सरांनी लाल पेननं वर लिहिलं, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’. सोमवारच्या साप्ताहिक बैठकीत, बावीस माणसांपुढे, बाईंनी ते उभं राहून वाचलं. मधेच कुणाचं तरी बिस्किट चहात तुटून पडलं आणि मागच्या ओळीतल्या चौघांत हशा पिकला. ते बिस्किटाला हसले हे बाईंना माहीत आहे. तरीही त्या चार चेहऱ्यांपैकी एकालाही त्यांनी नंतर कधी ओळख दाखवलेली नाही.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी वन्संना एकच वाक्य सांगितलं. “याच खोलीत, याच माणसांपुढे, हेच पत्र मी त्याच्याकडून वाचून घेईन.”

“कोणाकडून? सरांकडून?” वन्सं म्हणाल्या. “अगं, तो निवृत्त होईल त्याआधी.”

“म्हणून तर घाई करायची नाही. चुकेल.”

दोन वर्षं त्यांना भांडी धुण्याच्या खोलीत बसवलं. मग परत बोलावलं, कारण घडी कुणाला जमेना. जिवाणूंकडून येणारं प्रथिन गुंता झालेल्या दोऱ्यासारखं असतं. ते आधी पूर्ण उलगडायचं, मग हळूहळू अशा पाण्यात सोडायचं की दोन टाके आपापल्या जागी पडतील. दोन शिकलेल्या माणसांनी सात महिने प्रयत्न केला होता. त्यांना फक्त गुठळ्यांचं दही मिळालं.

परत आल्यावर बाईंनी पहिली मोकळी दुपार पाहून मागे ठेवलेली नळी शीतपेटीच्या तळातून काढली. आत कोरडी पांढरी पूड होती. सरांनी सही केलेल्या त्या दिवशीच्या नळ्यांबरोबर तिचंही वजन केलं: एकशे एकतीस जास्त. म्हणजे प्रथिन तेच होतं आणि चिठ्ठीही बरोबर होती. पण समिती बंद होऊन जमाना झाला होता. एका तंत्रज्ञाच्या शेऱ्यासाठी ती पुन्हा कोण उघडणार?

वर्षभरानं आणखी एका दुपारी त्यांनी जे केलं ते का केलं, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. पेशींच्या चालीची चाचणी दोन मजली डबीत होते. मध्ये बारीक छिद्रांचा पडदा, वर पांढऱ्या पेशी, खाली केमोकाइन. किती पेशी छिद्रातून खाली आल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. बाईंनी खाली चांगलं, कापलेलं केमोकाइन ठेवलं आणि वर पेशींमध्ये जुन्या नळीतलं चिमूटभर टाकलं. एरवी एका नजरेच्या टप्प्यात एकशे चाळीस पेशी यायच्या. आल्या सहा.

त्यांनी चाचणी चार वेळा केली. चारही वेळा तेच. जादा मणीवालं प्रथिन ग्राहीला नुसतं धरून बसत होतं. स्वतः ढोसत नव्हतं आणि दुसऱ्याला ढोसू देत नव्हतं. वन्संना नंतर हे समजावलं तेव्हा त्यांनी आपल्या भाषेत ते जागेवर मांडलं. “म्हणजे काजात अर्धवट अडकलेलं बटण. लागत नाही, निघत नाही, दुसरं घालू देत नाही.”

दुसऱ्या एका केमोकाइनबाबत असं होतं हे या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक असतं. सरांनाही ठाऊक होतं. पण ती नळी म्हणजे चिठ्ठ्यांची अदलाबदल असं एकदा समितीपुढे सांगून झाल्यावर, त्या नळीत काही शोधण्यासारखं असेल हा विचार सरांना करताच येत नव्हता. बाईंनी नळी परत तळाशी ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. सहा वर्षं.

या सहा वर्षांत सरांनी काय केलं? ते नेमकं असं अडवणारं प्रथिन शोधत राहिले. सुजलेल्या सांध्यांतली हाक बंद पाडायची तर काजात अडकणारं बटण हवंच होतं. त्यांनी पुढच्या टोकावर सात वेगवेगळ्या रचना आखल्या. मणी कापले, बदलले, उलटे लावले. बाईंनी त्या सातही इमानानं बनवल्या, घड्या घातल्या, वजनं करून दिली. एकही धड चालत नव्हती. निवृत्तीला सात आठवडे उरले तेव्हा सर जरा घाईला आले. बाहेरून पाहणी समिती येणार होती. तिच्या अध्यक्षा म्हणजे याच विषयात केस पिकलेल्या एक शास्त्रज्ञ, फार न बोलणाऱ्या. त्यांनी शिफारस केली तर सरांना तीन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती.

सरांनी शेवटची चाचणी आंधळ्या पद्धतीनं करायचं ठरवलं, म्हणजे अध्यक्षांना बोट ठेवायला जागा राहणार नाही. या पद्धतीत नळ्यांवर फक्त आकडे असतात. कोणत्या आकड्यात काय, याची यादी बनवणारा बंद पाकिटात घालतो आणि पाकीट सगळ्यांसमक्ष उघडतात. मोजणी सर स्वतः करणार होते. नळ्या आणि यादी बाईंकडे.

“बारा का?” ट्रे बघून सरांनी विचारलं.

“सात तुमच्या. पाच तुलनेच्या.”

“तुलनेला पाच कशाला?”

“जास्त असलेल्या बऱ्या असतात, सर. पाहुण्यांसारख्या.”

सरांना ते आठवलं नाही. माणसं स्वतः बोललेलं विसरतात, यावर बाईंचा सगळा बेत उभा होता, असं म्हणायला हरकत नाही. या उत्तरात एक शब्दही खोटा नव्हता.

नऊ नंबरच्या नळीनं पेशी जागच्या जागी थोपवल्या. सरांनी तीन दिवस मोजलं, पुन्हा मोजलं. मग पाकीट उघडायची वाट न पाहता त्यांनी पाहणी समितीसाठी टिपण छापून घेतलं: ‘आमच्या सात रचनांपैकी एका रचनेला असाधारण यश.’ सरांनी ही एवढी एक घाई केली नसती तर बाईंना फार काही करता आलं नसतं. तळमजल्यावर येऊन त्यांनी टिपणाची प्रत बाईंच्या टेबलावर ठेवली. “वाचा,” म्हणाले. “तुमचाही हातभार आहे यात.” बाईंनी ती दोनदा वाचली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी त्यांनी वन्संना पहिल्यांदाच सगळं सांगितलं. वन्सं काज करत होत्या. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.

“ती पूड किती वर्षं आहे म्हणालीस?”

“नऊ. अडवते हे कळून सहा.”

“म्हणजे तू मला डॉक्टरकडे न्यायचीस, माझी बोटं त्यांच्यासमोर ठेवायचीस, तेव्हाही ती तिथं होती.”

“वन्सं, ते औषध नाही. डबीतल्या पेशींवर चालतं. औषध व्हायला बारा-पंधरा वर्षं लागतात, आणि बहुतेक वेळा होतच नाही.”

“मला शिकवू नकोस. औषध नाही हे मला कळतं. सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर त्या पंधरातली सहा गेली असती, एवढा हिशेब शिवणवाल्या बाईलाही येतो.”

“सांगितलं असतं तर त्यानं स्वतःच्या नावावर छापलं असतं.”

“छापू दे की. बोटं माझी आहेत, त्याची नाहीत.”

 बाईंनी सुयांचा डबा ओढून घेतला आणि सुयांत दोरे ओवायला बसल्या. रोज आठ ओवतात, त्या दिवशी वीस ओवल्या. वन्सं शेवटी म्हणाल्या, “राग धरायला माझी हरकत नाही. मीही धरते. पण डूख धरलेल्या माणसाच्या घरात राहणाऱ्यालाही ते चावतं, एवढं ध्यानात ठेव.” बाईंनी मान हलवली. बेत बदलला नाही.

पाहणी समितीची बैठक साप्ताहिक बैठकीच्याच खोलीत झाली. सरांनी चाळीस मिनिटं सुरेख मांडणी केली. पडद्यावर नवव्या नळीचा आलेख जमिनीला लागलेला होता. अध्यक्षा म्हणाल्या, “छान. पाकीट?”

बाईंनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. आत दोन कागद होते. अध्यक्षांनी पहिला वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“नऊ नंबर तुमच्या सातांत नाही,” त्या सरांना म्हणाल्या. “तुलनेची नळी आहे. नऊ वर्षांपूर्वीचा साठा. नैसर्गिक माळ, वजन एकशे एकतीस जास्त.” मग दुसरा कागद. तो त्यांनी मनातल्या मनात वाचला. “आणि हे एक माफीपत्र आहे. याच साठ्याबद्दलचं. त्यावर चौकशी समितीची नोंद आहे की नळीत वेगळंच प्रथिन होतं.”

सर म्हणाले, “जुनं प्रकरण आहे. तेव्हा चिठ्ठ्यांचा गोंधळ…”

“चिठ्ठी चुकली असेल तर या नळीत काय आहे हे आपल्याला माहीत नाही. मग तुमचा आजचा निकाल कशाचा?”

सरांनी पडद्यावरच्या आलेखाकडे पाहिलं.

“आणि चिठ्ठी बरोबर असेल,” अध्यक्षा म्हणाल्या, “तर निकाल उत्तम आहे. फक्त हे पत्र कुणी लिहायला हवं होतं, हा प्रश्न उरतो. कोणतं धरू?”

खोलीत बावीसपैकी चौदा जुनी माणसं होती. बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हातात काही नव्हतं. त्यांनी नऊ वर्षं या शांततेची कल्पना केली होती. त्या म्हणतात, कल्पनेत ती जास्त लांब होती. प्रत्यक्षात सरांनी दहा-बारा सेकंदांतच मुदतवाढीचा विचार करून उत्तर दिलं.

“चिठ्ठी बरोबर होती. कापणी मी वगळायला सांगितली होती.”

“बाईंनी तेव्हा तुम्हाला कळवलं होतं?”

“…हो.”

अध्यक्षांनी लिहून घेतलं. निकाल मोलाचा आहे, पण एका जुन्या नळीवर शिफारस करता येणार नाही. ताज्या साठ्यावर तोच निकाल मिळाला पाहिजे, आणि तोही सरांच्या निवृत्तीच्या तारखेच्या आत. सर लगेच म्हणाले, “बाई बनवतील. त्यांच्याइतका हात कुणाचा नाही.”

बाई पहिल्यांदाच बोलल्या. “माझ्या सेवापुस्तकात निष्काळजी असा शेरा आहे. निष्काळजी माणसानं बनवलेलं समितीला चालेल का?”

कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

त्यानंतरच्या सोमवारी, बाईंनी घातलेल्या अटीप्रमाणे, सरांनी साप्ताहिक बैठकीत उभं राहून माफीपत्र वाचलं. मजकूर बाईंनी दिला होता. नवा लिहिला नव्हता. जुनाच, फक्त माणसं बदलली होती. सर पाठ केल्यासारखं भराभर वाचत गेले आणि शेवटच्या ओळीतलं थोडं गाळून पुढे निघाले.

“सर,” दाराजवळून बाई म्हणाल्या, “दोन शब्द राहिले.”

“कोणते?”

“तुम्हीच घातलेले. लाल पेननं.”

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “माझ्या निष्काळजीपणामुळे,” त्यांनी वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. शेरा त्याच आठवड्यात काढला गेला.

इथे बाईंनी थांबायला हवं होतं, असं वन्संचं मत आहे. संस्थेतही बऱ्याच जणांचं आहे. बाईंनी अध्यक्षांना चार ओळींचं पत्र लिहिलं: साठा मी बनवला आणि चांगला निघाला तर पुन्हा कधीतरी चिठ्ठीबद्दल शंका निघेल, म्हणून तो सरांनी स्वतःच्या हातानं बनवावा, मी शेजारी उभी राहून सांगेन. अध्यक्षांना ते पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच.

सरांनी अठरा वर्षांत स्वतः प्रथिन बनवलं नव्हतं. पांढरा कोट त्यांना पोटावर बसत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी हातमोजे उलटे घातले. बाई स्टुलावर बसून सांगत, न चिडता, न हसता, नवशिक्याला सांगतात तसं. “सावकाश, सर.” “थेंबाथेंबानं.” “ढवळू नका, फिरवा.” प्रत्येक पायरी त्या मोठ्यानं उच्चारून पक्क्या वहीत शाईनं लिहीत, आणि खाली सरांची सही घेत. सांगण्यात त्यांनी काहीही लपवलं नाही. याबद्दल त्यांना वारंवार विचारलं गेलं आहे, आणि वही कुणीही पाहू शकतं. फक्त घडी घालायचं पाणी किती थंड हे त्या तळव्यानं ओळखतात, आणि तळवा काही वहीत लिहिता येत नाही.

अकराव्या दिवशी पूड हाती आली. सरांनी वजन केलं. आकडा बरोबर आला, एकशे एकतीस जास्त, अगदी दशांशापर्यंत. सर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी कपाळ पुसलं आणि बायकोला फोन लावून सांगितलं की झालं एकदाचं.

बाईंनी त्यांना फोन संपवू दिला.

“सर, टाके चुकीचे पडले तरी वजन तेवढंच येतं. मणी तेच, गंधक तेच. पहिला तिसऱ्याऐवजी चौथ्याशी जुळला तर वजनाला काय कळणार? ते स्तंभातून सोडून बघावं लागतं.”

“माहीत आहे मला.”

“मग सोडा.”

स्तंभ म्हणजे बारीक भुकटी दाबून भरलेली पोलादी नळी. नीट घडी पडलेलं प्रथिन तिच्यातून ठरलेल्या मिनिटाला बाहेर पडतं. पडद्यावर रेघ सरकत गेली. अठराव्या मिनिटाला उंचवटा यायला हवा होता. अठरावं गेलं, रेघ सपाट. बाविसाव्या मिनिटाला एक उंचवटा आला, चोविसाव्याला दुसरा, आणि मग बुटक्यांची रांग. सर पडद्याला नाक लावून बघत होते.

“यातलं काही वाचेल?”

“नाही. फेका.”

“सगळं?”

“सगळं.”

सरांनी नळी बेसिनवर धरली आणि बराच वेळ ओतली नाही. बाईंनी नळ सोडून ठेवला होता. शेवटी त्यांनी ती उलटी केली.

“आता?” ते म्हणाले.

“आता पुन्हा. जिवाणू वाढवायला दोन दिवस, फोडून धुवायला दोन, उलगडायला एक, घडीला तीन, गाळून वाळवायला तीन. अकरा.” भिंतीवर दिनदर्शिका होती. निवृत्तीच्या तारखेभोवती कार्यालयानं निळं वर्तुळ काढलेलं होतं. “तुमच्याकडे आठ आहेत.”

सर दिनदर्शिकेकडे बघत राहिले. “बाई, तुम्ही हात लावलात तर आठांत होईल.”

“सात दिवसांत होईल,” बाई म्हणाल्या.

त्यांनी हातमोज्यांचं नवं खोकं फोडलं आणि टेबलावरून सरांच्या बाजूला सरकवलं.